वाफेच्या पेटीत दोन डोकी: निसर्गोपचार केंद्रातली विनोदी एकांकिका कशी बसवायची

अकरा वर्षं मी पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका निसर्गोपचार केंद्राचं स्वयंपाकघर सांभाळलं. मीठ नाही, साखर नाही, चहा नाही, फोडणी नाही. पाहुण्याच्या वाटीत तांबडा-पांढरा तीनदा ओतल्याशिवाय घरच्या बाईला बरं वाटत नाही, त्या आमच्या कोल्हापुरात मी रोज साठ माणसांना उकडलेला दुधी वाढत होते. नाटकाचं वेड त्याच्याही आधीचं. गणपतीत पेठेतल्या मंडळापुढं पहिली एकांकिका बसवली तेव्हा मी विशीत होते. केंद्रातली नोकरी सुटल्यावर ही दोन्ही आयुष्यं एकत्र आली आणि एका कडक केंद्रात एकाच बाईवर जीव जडलेल्या दोन माणसांची एकांकिका मी लिहिली. आजवर चौदा प्रयोग झाले. अशी एकांकिका ज्यांना करायची आहे, त्यांच्यासाठी हे सगळं लिहिते आहे. यातलं बरंचसं मला चुकून चुकून समजलं, तुम्हाला ते आयतं मिळावं.

आधी फलक लिहा

वही उघडून पहिल्या पानावर केंद्राच्या दाराशी लागतो तसा नियमांचा फलक लिहा. पात्रं नकोत, संवाद नकोत. आमचा असा होता: पहाटे पाचला घंटा. साडेपाचला जलनेती, म्हणजे कोमट पाण्यानं नाक धुणं. सहाला योगासनं. सातला कोहळ्याचा रस. आठला पोटावर माती पट्टी. नऊपासून मालिश आणि वाफ. अकराला जेवण, म्हणजे कोशिंबीर आणि बिनमिठाची उकडलेली भाजी. दुपारी दोन ते तीन मौन. चारला कटिस्नान, म्हणजे टबात कमरेइतक्या पाण्यात बसणं. सहाला पपई किंवा पेरू. सातला प्रार्थना. नऊला दिवे बंद. मोबाइल कार्यालयात जमा.

आता एकेक ओळ घेऊन स्वतःला विचारा: हा नियम मोडला तर कुणाला कळेल आणि कसं कळेल? कळण्याची वाट सापडली नाही तर ती ओळ खोडा, नाटकात ती काही करणार नाही. मौनाची ओळ मात्र सोनं आहे. मौनाच्या तासात कुणी भडंग खाल्लं तर काय होईल? भडंग गप्प बसत नाही. आमचा एकजण गरम पाण्याच्या रबरी पिशवीत भडंग भरून आणतो आणि दुपारी सव्वादोनला एकेक दाणा दाढेखाली धरतो. कुर्र. शेजारच्या खाटेवरचा डोळे उघडतो. पुन्हा कुर्र. एक शब्द नाही, आणि चार मिनिटं प्रेक्षक हसत असतात. ही जागा मी ठरवून काढलेली नाही, ती फलकातनं आपोआप आली.

फार्स हा शब्द मूळचा फ्रेंचांचा, आणि त्याचा जुना अर्थ सारण भरणं. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला, कारण भरल्या वांग्याचं सगळं गणित त्यात आहे. वांगं घट्ट असेल तरच सारण आत राहतं. नियम सैल ठेवलात तर विनोद कढईत सांडतो.

भुकेचे दिवस ओळखा

बहुतेक लेखक इथं घाई करतात. केंद्रात पाऊल टाकल्यापासून पात्रं भुकेनं कळवळायला लागतात. खरं तसं होत नाही. पहिल्या दिवशी माणसं मजेत असतात, एकमेकांना किलो-किलोचे संकल्प सांगतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं धरून बसतात. ते भुकेपेक्षा चहा तुटल्यामुळं असतं, दिवसाला सहा कप पिणाऱ्याचं डोकं ठणकणारच. याच दोन दिवसांत भांडणं होतात, तुमच्या दोघांचं वैर इथंच पेटवा. चौथ्या दिवसापासून अंग हलकं वाटायला लागतं, झोप नीट लागते, माणूस जरा मऊ होतो आणि संध्याकाळी बाकावर बसून शेजारच्याला आपल्या आईच्या गोष्टी सांगतो. प्रेम जमायचं ते या वेळी. मी किती जोड्या या चौथ्या संध्याकाळी जुळताना पाहिल्या! बहुतेक मैत्रीच्या होत्या, पण सगळ्याच नव्हेत.

तिसऱ्या दिवसाचं एक दृश्य मी जसंच्या तसं नाटकात घातलं आहे. कर्मचाऱ्यांचं जेवण आम्ही मागच्या चुलीवर करायचो, त्याला फोडणी असायची. एक गृहस्थ साडेदहाला बरोबर त्या खिडकीशी येऊन उभे राहायचे. मागायचे काही नाहीत. मोहरी तडतडली की मान वर व्हायची, कढीपत्ता पडला की डोळे मिटायचे, आणि लसूण लाल व्हायला लागला की हात आपोआप छातीशी जायचा. डाळ ओतली की झालं, नमस्कार करून निघून जायचे. नटाला हे तीन टप्पे वेगवेगळे करायला लावा, मोहरीचा, कढीपत्त्याचा आणि लसणाचा. तिन्ही वेळा चेहरा सारखाच राहिला तर लोक हसतील, पण त्यांच्या तोंडाला पाणी सुटणार नाही. आणि ते सुटलं पाहिजे.

संस्कृत नाटकातला विदूषक आठवा. राजा प्रेमात झुरत असतो आणि शेजारी याला मोदक आठवत असतात. प्रेम आणि भूक शेजारी बसवण्याची ही रीत आपल्याकडं फार जुनी आहे. या नाटकात दोन्ही एकाच माणसाच्या अंगात घाला.

दोघं आणि बाई

आमचे दोघं असे. आबा म्हणजे गंगावेशीतला जुना पैलवान. तालीम सुटून तीस वर्षं झाली, पण कट्ट्यावरचं धारोष्ण दूध सुटलेलं नाही. शेठ म्हणजे उद्यमनगरात फाउंड्री चालवलेला माणूस, सगळं मोजून-मापून. दोघंही साठीच्या आसपासचे, दोघांच्याही बायका गेलेल्या. बाई गडहिंग्लजच्या निवृत्त मुख्याध्यापिका, साखर वाढली म्हणून आलेल्या. तिघांनाही इथं कुणी जबरदस्तीनं आणलेलं नाही, हे महत्त्वाचं. स्वतःच्या पायांनी आलेला माणूस नियम मोडतो तेव्हा त्याच्या मनातली ओढाताण दिसते.

वैर कशातनं चालवायचं? बाहेर शेठजवळ पैसा आहे आणि आबाजवळ ताकद. केंद्रात दोन्ही चालत नाहीत. दोघांनाही तेच पांढरं सुती कापड, तीच वाटी, तीच पपईची दोन बोटांएवढी फोड. म्हणून जे काही द्यायचं ते त्या फोडीतनंच द्यावं लागतं. आबा आपल्या फोडीतली अर्धी कापून बाईंच्या ताटात सरकवतो, तेव्हा सोन्याची बांगडी दिल्यासारखं वाटलं पाहिजे. दिवस उकडलेल्या भाजीवर काढणाऱ्या माणसानं दिलेली अर्धी फोड आहे ती. दुसऱ्या दिवशी शेठ पाऊण देतो. तिसऱ्या दिवशी दोघंही अख्खी देतात, आणि बाई म्हणतात, "अवो, मला साखर हाय. एवढी पपई मी कुटं खाऊ?"

कृपा करून आबाला गावंढळ म्हणून रंगवू नका. त्याची भाषा कोल्हापूरची आहे, त्याची अक्कल शेठपेक्षा कमी नाही. "न्हाई", "व्हय", "बगा की" हे शब्द नटानं हसू मागत म्हटले की मी तालीम थांबवते. आमच्या घरात हेच शब्द लग्नाची बोलणी करताना येतात आणि मयताच्या दारातही येतात.

उशी काढून टाका

पहिल्या प्रयोगात मी आबाच्या पोटावर उशी बांधली होती. तो आत आला आणि सभागृह हसलं, मीही विंगेत खूश झाले. प्रयोग संपल्यावर एक मुलगी भेटायला आली, पंचविशीची असेल. अंगानं भरलेली होती. म्हणाली, "काकू, मी अशा ठिकाणी पंधरा दिवस राहून आलेय. तिथं कुणी हसलं नव्हतं." एवढंच बोलून ती गेली. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. साठ-साठ माणसं माझ्या हातचं बिनमिठाचं जेवून, पहाटे पाचला उठून स्वतःशी झगडत होती, ते मी अकरा वर्षं डोळ्यांनी बघितलं होतं, आणि पहिल्या टाळीसाठी विसरले होते.

दुसऱ्या प्रयोगाला उशी नव्हती. आबाच्या प्रवेशाला कुणी हसलं नाही, पण भडंगाला दुप्पट हसले. तुम्हीही देहावरचा एकही विनोद ठेवू नका. वजनकाटा रंगमंचावर ठेवा, पण त्यावर हसायचं ते त्या दोघांच्या लबाडीला. एकजण चढण्याआधी खिशातली किल्ली काढतो, मग चश्मा, मग करदोडा. दुसरा हळूच काट्याच्या कडेला पायाचा अंगठा टेकवतो.

वाफेची पेटी

हा नाटकाचा जीव आहे, याला तालमीतले निम्मे दिवस द्या.

वाफेची पेटी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: माणूस आत स्टुलावर बसतो, पेटीचं झाकण गळ्याभोवती बंद होतं, डोकं तेवढं बाहेर राहतं. आधी पाणी प्यायला देतात, डोक्यावर ओला पंचा ठेवतात, दहा-पंधरा मिनिटं वाफ देतात. अशा दोन पेट्या शेजारी-शेजारी ठेवा. प्रेक्षकांना दिसणार दोन डोकी आणि दोन ओले पंचे. हात नाहीत, पाय नाहीत, उठता येत नाही.

पेट्या पातळ प्लायच्या करा आणि मागची बाजू पूर्ण उघडी ठेवा. नटाला हवा लागली पाहिजे आणि काही झालं तर मागच्या मागे उठता आलं पाहिजे. झाकणाच्या दोन फळ्या बिजागरीनं जोडा. गळ्याचं भोक आधी कापू नका, नटाला स्टुलावर बसवून खूण करा आणि मग कापा. कडेला जुन्या सायकलची ट्यूब चिरून लावा, नाहीतर दुसऱ्या प्रयोगापर्यंत मान सोलते. खरी वाफ अजिबात नको. आम्ही एकदा इडलीच्या कुकरची नळी आत सोडली आणि नटाला घेरी आली. विंगेतनं माईकवर तोंडानं "स्स्स" केलं तरी पुरतं, वर थोडा पिवळा उजेड सोडा.

आता प्रसंग. बाई येऊन दोघांची चौकशी करून जातात. दोघांनाही मान देऊन उठायचं असतं, उठता येत नाही, म्हणून दोघं फक्त भुवया उंचावतात. बाई गेल्यावर शेठच्या नाकावर माशी बसते. माशी दाखवायची नसते, शेठची बुबुळं नाकाच्या शेंड्यावर आली की ती सगळ्यांना दिसते.

शेठ: आबा. माशी.
आबा: दिसतीया की.
शेठ: फुंका जरा.
आबा: उद्या कटिस्नानाला पयला नंबर माझा.
शेठ: बरं.
आबा: प्रार्थनेला बाईंच्या शेजारी मी बसनार.
शेठ: ...बरं.
आबा: आनि परवा त्यास्नी एस्टीत बसवायला मी जानार. तुमी न्हाई.

इथं शेठ थांबतो. माशी नाकावरनं गालावर, गालावरनं डोळ्याच्या कोपऱ्यात जाते. नटानं हे पुरे दहा आकडे मनात मोजून करायचं. डोळ्यांत पाणी येतं.

शेठ: नाही. बसू दे माशी.

आबा त्याच्याकडं बघत राहतो. मग गाल फुगवतो आणि फुंकतो.

या "नाही"पर्यंत दोघं पोरांसारखं खेळत असतात. माशीसकट बसेन पण तिला निरोप द्यायचा हक्क सोडणार नाही, हे ऐकल्यावर आबाला पहिल्यांदा कळतं की समोरच्याचंही खरंच आहे. म्हणून फुंकर मिळते. तालमीत सगळे नट फुंकर जोरात मारतात, हसू यावं म्हणून. ती हलकी मारायला लावा, लहान मुलाच्या डोळ्यात कण गेल्यावर मारतो तशी. प्रेक्षक आधी हसतात आणि मग गप्प होतात. ती शांतता आली की पेटी जमली.

मोठ्या ताईंना खलनायक करू नका

केंद्राच्या मोठ्या ताई कडक आहेत, आणि त्या बरोबर आहेत. या उपचारांच्या मागं मोठा इतिहास आहे. कटिस्नान एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या लुई कुन्हे यांनी प्रचारात आणलं, गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असताना ते स्वतःवर करून पाहिलं, आणि १९४६ साली पुण्याजवळ उरुळी कांचनला निसर्गोपचाराचं काम सुरू केलं. ताईंच्या तोंडी हे भाषण घालू नका, पण ताईंचं काम करणाऱ्या बाईला हे माहीत असू द्या. तिच्या चालण्यात फरक पडतो.

ताईंचा एक नियम खरा ठरतो तो प्रसंग मात्र हवाच. आमचा आबा सहाव्या दिवशी दुपारी भिंतीवरनं उडी मारून जातो आणि झणझणीत मिसळ खाऊन येतो, दोन कट घेऊन. इतके दिवस रसावर आणि उकडलेल्या भाजीवर राहिलेलं पोट ते कसं झेलणार? रात्रभर त्याचे हाल होतात. आणि शेठ, ज्याला गप्प राहून बाजी मारता आली असती, उशाशी बसून त्याला चमच्या-चमच्यानं पाणी पाजतो. ताई दारात येतात, बघतात, रागावत नाहीत. फक्त म्हणतात, "उद्या रस पण नाही. नुसतं पाणी." आणि दिवा तसाच ठेवून जातात. नऊनंतर जळत राहिलेला तो एकच दिवा, आणि तो ताईंनी ठेवलेला.

एक गोष्ट हात जोडून सांगते. कुठलंही पात्र औषधाच्या गोळ्या फेकून देताना दाखवू नका, कितीही टाळ्या मिळत असल्या तरी. बाईंना साखर आहे. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसानं डॉक्टरांना न विचारता उपास धरला तर साखर एकदम खाली जाते. प्रेक्षकांत तसे कितीतरी बसलेले असतात. आमच्या बाई रसाचा पेला उचलण्याआधी ताईंना वहीतला आकडा दाखवतात. दोन सेकंदांचं काम आहे, पण मी ते गाळू दिलेलं नाही.

माती आणि जागा

माती पट्टीसाठी शेतातली माती आणू नका, दिव्यांखाली वाळून ती पापुद्र्यांनी पडते आणि नटाला खाज सुटते. कुंभार गल्लीतनं शाडू आणा, दोनदा चाळा, त्यात थोडं गुलाबपाणी कालवा आणि जाडसर पंच्याच्या घडीत भरून पट्टी करा. अंगाला माती न लागता माती दिसते. डोळ्यांवरच्या पट्ट्या तर नुसत्या ओल्या कापडाच्या, रंग चहाच्या पाण्यानं द्यायचा. चेहऱ्यावर पट्ट्या असताना दोघं चुकून एकमेकांचा हात बाईंचा समजून धरतात, तेव्हा पट्टीच्या खालनं त्यांना दिसत असलंच पाहिजे, नाहीतर धडपडतील.

सगळं सामान एका टेम्पोत बसेल असं करा. आमच्या तिसऱ्या प्रयोगाची तारीख केशवराव भोसले नाट्यगृहासाठी धरली होती. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ सालचं, मूळचं पॅलेस थिएटर, शेजारी खासबागेचं मैदान. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्याला आग लागली, संगीतसूर्य केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. आम्ही रस्त्यावर उभं राहून बघत होतो. संचातला सगळ्यात थोरला नट, ज्यानं तिथं पहिल्यांदा तोंडाला रंग लावला होता, पोरासारखा रडला. त्यानंतरचे प्रयोग आम्ही कार्यालयांच्या हॉलमध्ये, शाळांच्या पटांगणात, एकदा तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये केले. म्हणून पेट्या घडीच्या केल्या. पटांगणात कुजबूज पोचत नाही, भडंगाचा कुर्र पोचत नाही. तिथं खाटेखाली माईक लपवा आणि वाक्याचं शेवटचं अक्षर गिळू नका, एवढं नटांना रोज सांगा. आमची तालीम एकवीस संध्याकाळी चालते, शेवटच्या पाच पूर्ण वेशात.

शेवट

लग्न लावू नका. दहाव्या दिवशी बाई बॅग घेऊन फाटकाशी उभ्या असतात, एस्टीची वेळ झालेली असते. दोघंही निरोप द्यायला आलेले, दोघांच्याही हातात एकेक डबा. बाई सांगतात की भावाकडं कोल्हापुरातच महिनाभर राहणार आहे आणि रोज पहाटे साडेपाचला रंकाळ्यावर चालायला जाणार आहे. आबा आणि शेठ एकमेकांकडं बघतात. पहाटेची घंटा ज्यांना दहा दिवस शिक्षा वाटली, ते दोघं एकदम म्हणतात, "पाचलाच येतो की!"

बाई डबे उघडतात. दोन्हींत पपई. आबाची जाडजूड, वेडीवाकडी कापलेली. शेठची एका मापाची. बाई दोन्हींतली एकेक फोड काढून उरलेली त्या दोघांच्या हातांवर ठेवतात, आणि तिघं फाटकाशी उभं राहून खातात. एस्टीचा हॉर्न वाजतो. पडदा हॉर्नवर टाकू नका, शेवटची फोड गिळून होईपर्यंत थांबा.

पपई मात्र प्रयोगाच्या दिवशीच कापा. आदल्या रात्री कापलेली पाणी सोडते आणि हातातनं निसटते.